कैलासवासी बाईंचा फोन

…तर आपल्या कवळीवाल्या बत्तिशीच्या दोन्ही हातांना मेण लागलेलं आणि नेमका फोन वाजला, इथवर आपण आलो होतो. फोन उचलायला एक बोट मोकळं नाही, म्हणून त्यानं तो नाकाच्या शेंड्यानं सुरू केला आणि टेबलावरच, सुकत ठेवलेल्या साच्यांच्या रांगेत, पडू दिला. पलीकडून एक बाई बोलल्या. आवाज भरदार, किंचित घोगरा, घाई अशी नाहीच.

"मी अजून जिवंत आहे, एवढं कळवायला फोन केला."

आता कवळ्या बनवणाऱ्याला असले टोमणे रोजचेच. दात काढून हिरड्या भरेपर्यंत माणूस पातळ खाऊन खाऊन वैतागलेला असतो. कवळीला उशीर झाला की तो दंतवैद्याला काही बोलत नाही; ज्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही त्या कारागिराचा नंबर शोधून काढतो आणि त्याला ऐकवतो. त्यामुळे बत्तिशी जराही गडबडला नाही. आवाजात होता नव्हता तेवढा मध घालून म्हणाला, की आजी, तुमचंच काम हातात आहे, परवा डॉक्टरीणबाईंकडे पोचतं करतो, तेवढे दोन दिवस जिवंत राहा.

त्यावर बाईंनी आपलं नाव सांगितलं.

ते नाव ऐकलं मात्र, दुसऱ्यांचे दात जुळवण्यात हयात घालवलेल्या माणसाची स्वतःचीच दातखिळी बसली. कारण त्या नावापुढं 'कैलासवासी' हा शब्द त्यानंच लावला होता, आणि तोही सगळ्या जगाला दिसेल असा.

बरं, अशा वेळी गप्प राहावं. पण घाबरलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. तो बोलून गेला, "तुम्ही त्या नव्हेत. त्यांचा आवाज पातळ आहे. काचेसारखा."

"असं का?" बाई म्हणाल्या. "मग उद्या सकाळी येते. मलाही ऐकवा माझा आवाज."

फोन बंद. बत्तिशी साच्यांकडं बघत बसला आणि साचे त्याच्याकडं.

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागं, जिन्याखाली एक लांबट खोली होती, तिथं बत्तिशी काम करायचा. एका भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, एकाला एक लागून, जणू गावची सभा भरली आहे आणि वक्ता अजून आलेला नाही. खिडकीखाली टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, घासायची मोटर आणि जबड्यासारखं उघडझाप करणारं एक पितळी यंत्र. सगळ्यावर पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ. आणि ह्या सगळ्या दातांच्या धन्याच्या स्वतःच्या तोंडात पुढचा एक दात नव्हता. वेळच मिळत नाही म्हणायचा. बायको म्हणायची, "राहू दे, निदान शिट्टी तरी छान वाजते."

टेबलाच्या कोपऱ्यात जुना टेपरेकॉर्डर होता आणि त्यात कायम एकच टेप. खरं म्हणजे दोन्ही वस्तू त्याच्या थोरल्या बहिणीच्या. ताईला नोकरी लागली तेव्हा तिनं हौसेनं घेतलेल्या. पुढं ती दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा ह्या मागं राहिल्या असं बत्तिशी सांगायचा, आणि त्यानं ढापल्या असं ताई सांगायची. फोन करणाऱ्या बाईंच्या गाण्यांची ती एकुलती एक टेप. त्यात एक गाणं खिडकीचं होतं. खिडकीत बसलेली कोणीतरी, रस्त्यावरून जाणाऱ्या पावलांवरून माणसं ओळखते, असं काहीसं. ते लागलं की पुढचे सहा दात, म्हणजे ह्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम, आपोआप रांगेत बसतात अशी त्याची पक्की समजूत होती.

मध्ये एकदा तो टेपरेकॉर्डर रडायला लागला. आतली मोटरवरची इवलीशी कप्पी झिजून गेली होती आणि पट्टा घसरत होता. तसला भाग मिळायचे दिवस कधीच सरले होते. मग बत्तिशीनं काय करावं? हिरडी बनवायची गुलाबी पावडर कालवली, कप्पीवर तिचा थर चढवला, कवळी शिजवतात तशी शिजवली, घासून आरशासारखी गुळगुळीत केली आणि बसवली. यंत्र पुन्हा गायला लागलं. ह्या पराक्रमावर तो इतका खूश होता की भेटेल त्याला झाकण उघडून दाखवायचा.

पुढं ताई घरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळलेली बाई करणार काय, तर भावाला फोन करून छळणार. माझं खिडकीचं गाणं मला ऐकव, म्हणून तिनं टुमणं लावलं. बत्तिशीनं दोन रविवार खर्ची घालून, चार जणांना विचारून, ती टेप इंटरनेटवर चढवली. ताईला सापडावी म्हणून चढवली, पण तिथं एकट्या ताईला सापडेल असं काही ठेवता येतं हे कोणी त्याला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. टेपचं वेष्टण हरवलेलं, म्हणून चित्र म्हणून आपण केलेल्या सगळ्यात सुबक कवळीचा फोटो लावला. मागं भिंतीवर त्याच्या कामाची पाटी होती, दवाखान्याचा पत्ता आणि फोन नंबरासकट, ती आपसूक फोटोत आली.

आणि बाईंच्या नावापुढं 'कै.' लावलं. का? तर एवढी जुनी टेप, नंतर दुसरी आली नाही, कुठं नाव ऐकू आलं नाही, म्हणजे बाई गेल्या असणार. त्याच्या मते हा आदर होता.

मग झालं असं, की एका माणसासाठी दार किलकिलं केलं आणि अख्खा बाजार आत शिरला. ट्रक चालवणारा एक जण लिहायचा, की घाटात हीच टेप असते. एक नर्स रात्रपाळी करून घरी गेली की खिडकीचं गाणं ऐकून झोपायची. कोणीतरी लिहिलं, काचेसारखा आवाज. बाईंना श्रद्धांजल्या तर इतक्या आल्या, की वाचताना बत्तिशीची हातातली कवळी बाजूला राहायची. टाळ्या बाईंच्या गाण्याला आणि मान ह्याची ताठ. बायको म्हणाली, तुम्ही असे मिरवताय जणू तुम्हीच गायलात.

अशात एक दिवस फोनवर सूचना आली. ह्या गाण्यांवर कोणीतरी हक्क सांगितला आहे. तुम्हाला ती लोकांपुढं ठेवायचा अधिकार आहे का? खाली दोन चौकोन: हो, नाही. 'नाही' दाबलं तर सगळी गाणी जाणार. आणि दुपारी गाणं सापडलं नाही म्हणून ताईचा फोन येणार, नर्स जागी राहणार. मग त्यानं 'हो' दाबलं. कारण लिहायला जागा होती, तिथं लिहिलं: गायिका हयात नाहीत, मागं कोणी नाही, मी त्यांचा जुना चाहता आहे. उत्तर आलं, की तुमचं म्हणणं हक्क सांगणाऱ्यांना कळवलं आहे.

हक्क सांगणारं कोण असेल ह्याचा त्यानं पुष्कळ विचार केला. एखादी कंपनी, एखादा वकील. खुद्द कैलासवासी असतील हे मात्र मनात आलं नाही.

तर असा तो फोन. त्या संध्याकाळी बत्तिशीनं घरी पाण्याचा पेला तीनदा भरला आणि तिन्ही वेळा तसाच ठेवला. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं ओकून टाकलं. खोटं लिहून दिलंय, लेखी. पोलीस येतील का? डॉक्टरीणबाई काम देणं बंद करतील का? पाटीवरचा दवाखान्याचा पत्ता फोटोत आला आहे, त्यांचंही नाव खराब होणार. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पण जिवंत बाईला तुम्ही फोनवर सांगितलंत की तू तू नाहीस? पोलिसांचं राहू द्या. आधी त्याची लाज वाटू द्या." त्यावर त्याला झोप लागायचं काही कारणच उरलं नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तो खोलीत जाऊन बसला. बाहेर बोळात पावलं वाजली की तो दाराकडं बघायचा. दूधवाला गेला, झाडूवाली गेली. पावलांवरून माणसं ओळखायचं ते गाणं किती जीवघेणं आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

बाई आल्या. उंच, ताठ, खांद्याला कापडी पिशवी. दारातच थांबल्या आणि फळ्यांवरच्या जबड्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"एवढी तोंडं, आणि एकही बोलत नाही," म्हणाल्या. "चांगली जागा आहे."

बत्तिशीनं स्टूल पुढं केलं, अंगावरच्या कपड्यानं झटकलं, त्यामुळे त्यावर आणखी धूळ बसली. रात्रभर पाठ केलेली माफी कुठल्या कुठं गेली. बाई त्या धुळीतच बसल्या आणि टेपरेकॉर्डरकडं बोट केलं.

"लावा."

त्यानं लावली. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं निम्मं झालं आणि त्यांनी हात वर केला. बत्तिशीनं घाईघाईनं टेप थांबवली. मग बाईंनी तीच ओळ गुणगुणली, सहज, पदराशी खेळता खेळता. पण एक पायरी खाली. भरदार, घोगरी, कालच्या फोनमधली.

"मी जन्मभर काळी चारमध्ये गायले," त्या म्हणाल्या. "ही पोरगी पांढरी सहात गाते आणि धापा टाकते. कोण ही?"

बत्तिशीला पेटी वाजवता येत नव्हती, पण काळी आणि पांढरी म्हणजे पेटीच्या पट्ट्या, आणि सहावी पांढरी चौथ्या काळीच्या लगेच वर, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याची नजर मशीनच्या झाकणाकडं गेली. तोवर बाई सांगत होत्या. कित्येक वर्षांनी त्यांना कोणीतरी गायला बोलावलं होतं, आणि ते बत्तिशीच्या चढवलेल्या गाण्यांमुळेच. त्याबद्दल त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. बोलावणाऱ्याला त्या जिवंत असल्याचं एका शिष्येनं सांगितलं होतं. लहानसा हॉल, पण भरलेला. बाई गायला लागल्या आणि पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकानं तर फोन कानाला लावून ताडून पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी जवळ आली, फार गोड मुलगी, आणि हळूच म्हणाली, की मूळ गाणाऱ्या तुमच्या थोरल्या बहीण का? त्या गेल्याचं वाचलं, वाईट वाटलं.

हे सांगताना बाई हसत होत्या, पण पिशवीचा बंद त्यांनी बोटाला इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

बत्तिशीनं स्क्रूड्रायव्हर घेतला. टेपरेकॉर्डर पालथा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत, तेल आणि धुळीच्या काळोखात, ती गुलाबी कप्पी चकचकत होती. मूळच्या कप्पीपेक्षा नखभर जाड. कप्पी जाड झाली की टेप पळते, टेप पळाली की आवाज चढतो. जो माणूस कवळीत केसाएवढी चूक बोटानं ओळखतो, त्याला ही इतकी वर्षं कानानं कळली नव्हती.

बाई वाकून बघत होत्या. "हे काय आहे?"

"हिरडी," बत्तिशी म्हणाला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कवळी तोंडात बसवताना कसं करतात, घाला, चावा, काढा, कणभर घासा, पुन्हा घाला, अगदी तसं सुरू झालं. बत्तिशी कप्पी घासायचा, बसवायचा, टेप लावायचा. बाई डोळे मिटून गुणगुणायच्या आणि म्हणायच्या, अजून खाली. जास्त घासली गेली तर पुन्हा थर चढवून शिजवणं आलं. गुलाबी भुगा त्याच्या मनगटावर साचत गेला. शेवटी एकदा टेपमधली बाई आणि स्टुलावरची बाई एकाच वेळी एकाच सुरावर आल्या आणि कोणती कुठली ते कळेनासं झालं.

बत्तिशीनं मोटर बंद केली. ज्या आवाजावर आपण जीव टाकला, तो निम्मा आपणच पातेल्यात शिजवला होता, हे पचवायला त्याला जरा वेळ लागला. मग तो उभा राहिला आणि माफीला सुरुवात केली. बाईंनी मध्येच थांबवलं.

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं नसतं. माझ्याकडं चांगली टेप होती, तीही दिली असती. पण तुम्ही विचारलं नाहीत, आणि वर मारून टाकलंत. म्हणजे विचारायचा प्रश्नच मिटला."

"आता विचारतो," तो म्हणाला. "गाणी राहू द्यायची का?"

बाईंनी विचार केला. राहू द्या, म्हणाल्या, पण ह्या आवाजात. ते कैलासवासी काढा. त्या वेबसाइटवाल्यांना काय खोटं लिहिलंत ते लिहून कळवा. दातांचं चित्र राहिलं तरी चालेल, मला आवडलं.

"आणि खिडकीचं गाणं तेवढं काढून टाका."

बत्तिशीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं, पण नेमकं तेच? त्यानं ताईचं सांगितलं. खुबा, अंथरूण, दुपारचं ऐकणं. नर्सचंही सांगितलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या. "पण ते काढा."

कारण त्यांनी सांगितलं नाही. प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकावर आला होता, पण आत्ताच आपण काय काय न विचारता केलंय हे आठवून तो गप्प बसला. त्यामुळे ते कारण त्यालाही कळलं नाही आणि तुम्हालाही कळणार नाही.

त्यानं शब्द पाळला. वेबसाइटवाल्यांना खरं लिहिलं. त्यांनी पुन्हा असं केल्यास सगळंच बंद करू असा दम दिला, तो मुकाट्यानं घेतला. गाणी नव्यानं चढवली, एक सोडून. आणि मग सुरू झाली वाजंत्री. आवाज का जाड केलास? खिडकीचं कुठं गेलं? ट्रकवाल्यानं लिहिलं, भाऊ, कंपनीनं विकत घेतलं काय तुला? नर्सनं नुसतं एवढंच विचारलं, की परत कधी लावणार? त्याचं उत्तर लिहायला त्याला दोन दिवस लागले आणि तरी ते धड जमलं नाही. फोन वाजला की तो दचकायचा, न वाजला तरी दचकायचा. एका आजोबांची कवळी त्यानं त्या धांदलीत उलट्या जबड्यावर बसवून पाहिली आणि अर्धा तास का बसत नाही म्हणून डोकं खाजवत राहिला.

ह्या सगळ्यांहून मोठी तोफ होती ताई. तिनं पहिल्या दिवशी चौकशी केली, दुसऱ्या दिवशी रागावली, तिसऱ्या दिवशी मऊ झाली, आणि ताई मऊ झाली की बत्तिशीला जास्त भीती वाटायची. म्हणाली, लोकांसाठी नको लावूस, बाईंचं ऐक. मला एकटीला फोनवर पाठव. कोणाला कळतंय? टेप माझी आहे, तू ढापलीस तेव्हा मी कुठं कोर्टात गेले?

आणि खरंच, गाणं त्याच्या फोनमध्ये होतं. ताईच्या नावावर बोट ठेवायचं आणि सोडायचं, एवढंच काम. किती वेळा त्यानं ते बोट नावापर्यंत नेलं. बायको म्हणाली, पाठवून टाका, आजारी बाईला कशाला तरसवता. मग ताटं उचलता उचलता तीच म्हणाली, "आणि ताई काय, शेजारणीला ऐकवल्याशिवाय राहणार आहेत होय? शेजारीण म्हणेल, मला एकटीला पाठवा." बत्तिशीनं फोन उपडा ठेवला. आधी त्याला काही माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आता त्यानं तोंडानं विचारलं होतं आणि समोरून नको असं उत्तर आलं होतं. ते परत गिळता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आलाच. त्या बाईची कवळी करतोयस काय, एवढा टरकतोस, असं म्हणून तिनं सुरुवात केली, आणि शेवटी, अगदी हळू आवाजात, दुपार सरत नाही रे, म्हणाली. बत्तिशीच्या हाताला मेण होतं, फोन साच्यांच्या रांगेत पडलेला होता. त्यानं दिवा विझवला, घसा खाकरला आणि म्हणाला:

"ताई, टेप तुझी आहे, ती घेऊन मी रविवारी येतो, मशीनसकट. तुझ्या उशाशी बसून खिडकीचं गाणं तू म्हणशील तितक्यांदा लावतो. कप्पी घासलीय, तेव्हा आवाज तुला जाड वाटेल, लगेच माझ्यावर ओरडू नकोस, तो तसाच आहे. पण फोनवर नाही पाठवणार. मागच्या वेळीही ते तुझ्या एकटीसाठीच चढवलं होतं."